कोड मागितला कोणी?

(दृश्य : सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट.)

इथं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. या मागांवर विणलेला टेरी टॉवेल परदेशात जातो. त्याचा भाव, नमुने, ऑर्डर, बिल, बँकेचा खाते क्रमांक, सगळं मात्र गुपचूप एका ईमेलमधून येतं-जातं. तो ईमेल भलत्याच्या हाती पडला, तरी माग थांबत नाहीत. चोर खातं बंद पाडत नाही, आत बसून वाचत राहतो. बिल निघायच्या दिवशी त्यातला खाते क्रमांक तेवढा बदलतो. माल वेळेवर पोचतो, पैसे दुसरीकडे जातात.

म्हणून पासवर्डावर एक पायरी आणखी हवी. पासवर्ड ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. फोन आपल्या हातातली. बोटाचा ठसा आपल्या अंगचा. यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी मागितल्या, तरच ती खरी दुसरी पायरी. पासवर्डानंतर आईचं माहेरचं आडनाव विचारलं, तर ती नव्हे. दोन्ही ठाऊक असायच्याच गोष्टी, आणि आडनाव तर अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

कार्डानं ऑनलाइन पैसे देताना ही पायरी रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. त्यामुळे ओटीपी सोलापूरकरांना नवा नाही. ईमेलला मात्र ती आपणच लावायची असते, आणि तिथंच बहुतेक दुकानदार मागे राहतात.

(दृश्य : चाटी गल्लीतलं कापड दुकान. हा प्रसंग आम्ही घडवून चित्रित केला आहे.)

मामांच्या फोनवर सहा अंकी कोड येतो. पाठोपाठ फोन वाजतो. “साहेब, चुकून तुमच्या नंबरवर आमचा कोड आलाय, तेवढा वाचून दाखवा.” मामा चष्मा शोधतात. गल्ल्यावर बसलेली भाची हात आडवा घालते.

“थांबा मामा. कोड मागितला कोणी? तुम्ही?”

“मी कशाला मागू?”

“मग ठेवा की फोन!”

फोन ठेवून काम संपत नाही. आपण साइन-इन करत नसताना ईमेलचा कोड आला, तर बहुधा आपला पासवर्ड कुणाकडे तरी पोचलाय. तो त्याच दिवशी बदलायचा. व्हॉट्सअॅपचं वेगळं आहे. तिथं नुसता नंबर टाकला तरी कोड सुटतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा सहा अंकी पिन लावून ठेवायचा.

एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा चांगला, पण त्याला फटी आहेत. आपल्या नंबरचं सिम कुणी फसवून दुसरं काढून घेतलं, की कोड त्याच्याकडे जातात. लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर पत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल, येते. ती टाकून घेतली आणि मागेल ती परवानगी दिली, तर ती आपले एसएमएस वाचून बाहेर पाठवू शकते.

त्यापेक्षा ऑथेंटिकेटर अॅप बरं. (दृश्य : फोनचा पडदा, जवळून.) क्यूआर कोड एकदा स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये राहते. ती किल्ली आणि घड्याळाची वेळ यांच्यावरून फोन दर ३० सेकंदांनी नवे सहा अंक काढतो. बाजूचं छोटं वर्तुळ आक्रसत जातं, अंक पालटतात. रेंजची गरज नाही, कारखान्याच्या पार आतल्या शेडमध्येही चालतं.

पण खोट्या पानावर हे अंक टाइप केले, तर ३० सेकंद चोरालाही पुरतात. तिथं पासकी कामाला येते, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमध्ये ठेवलेली, बोटाच्या ठशानं किंवा फोनच्या लॉकनं उघडणारी किल्ली. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही. ज्या खात्यात ती सोय आहे, तिथं आम्ही तीच लावा म्हणू.

आणि “तुम्हीच साइन-इन करताय का?” अशी सूचना पुन्हा पुन्हा आली, तर कटकट मिटवायला ‘होय’ दाबू नका. २०२२ मध्ये उबरसारख्या कंपनीत चोर असाच शिरला. कंत्राटावर काम करणाऱ्या एकाकडे विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्यानं एक मंजूर केली.

आता फोनच हरवला तर? गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तो कधीही जाऊ शकतो. गूगल त्यासाठी आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापून तिजोरीत ठेवा. त्याच फोनच्या गॅलरीत फोटो ठेवून उपयोग नाही.

पेढीचा ईमेल मुनीमजींच्या नंबरला जोडलेला असेल, तर आजच पाहून घ्या. ते काम सोडून गेले की कोड त्यांच्याकडे जात राहतात. बंद केलेला नंबरही कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते. मामांच्या जुन्या नंबरावर अजून दोन खाती निघाली. भाचीनं ती दुकान वाढवायच्या आत बदलून घेतली.