चौदावी जागा

(दृश्य: आसनगाव स्थानक, सकाळची लोकल.)

मांडीवर निळी प्लास्टिकची फाइल. सगळ्यात वर जातीचा दाखला, खाली जातवैधता प्रमाणपत्र, त्याखाली पीएचडीची पदवी. क्रम मुद्दाम असाच. कागद तपासणारे आधी काय मागतात, हे तिला पाठ झालंय.

शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरची ही आदिवासी मुलगी वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झाली. नाव सांगत नाही. तिला अजून मुलाखती द्यायच्यात.

सध्या मुंबईतल्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे. दिवाळी, उन्हाळा, सगळं कोरडं. आई फोनवर विचारते, "बाय, परमनंट कधी होणार गं?"

(दृश्य: बिंदूनामावलीचं रजिस्टर.)

उत्तर या रकान्यांत आहे. कितवं पद कोणत्या प्रवर्गाचं, हे बिंदूनामावली ठरवते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2017 मध्ये आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक ठरवलं. 2018 मध्ये यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, परिपत्रकही निघालं. त्या हिशेबात ओबीसींची पाळी चौथ्या पदावर, अनुसूचित जातींची सातव्या आणि जमातींची थेट चौदाव्या. आता तीन-चार प्राध्यापकांच्या विभागात चौदावं पद निघणार कधी? देशभर ओरड झाली. मग 2019 मध्ये संसदेनं कायदा करून केंद्रीय संस्थांपुरतं जुनं एकक परत आणलं.

महाराष्ट्रात जमातींना 7 टक्के, महिलांना समांतर 30 टक्के. म्हणजे शंभर पदं निघाली तर जमातीची सात, त्यातली बायकांची दोन. निघाली तर!

(दृश्य: बंद दार, बाहेर खुर्च्यांची रांग.)

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापक पदासाठी पीएचडीला 30 गुण आहेत, सेट या राज्य पात्रता परीक्षेला 3. पण हे गुण या खुर्चीपर्यंतच आणतात. या नियमांत निवड फक्त मुलाखतीवर. उमेदवारांत मागासवर्गीय किंवा महिला असतील आणि समितीत त्यांच्यापैकी कुणीच नसेल, तर तसा एक सदस्य घ्यावा लागतो. नियम चांगलाच आहे. मात्र एका खुर्चीवरच्या माणसानं बाकीच्यांपुढे किती बोलावं, हे नियमात कुठून येणार?

मागच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, "आसनगावहून रोज? आणि मूल झाल्यावर?" प्रबंधावर एकच प्रश्न आला. निकालात शेरा: योग्य उमेदवार आढळला नाही.

जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेनं बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईतल्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. तेव्हा नकार तोंडावर मिळायचा. आता काळजीच्या सुरात प्रश्न येतो.

(दृश्य: दादर, पुलाचा कोपरा.)

ती गर्दीतून बाजूला होते. चपला पिशवीत टाकून सँडल घालते. फाइल उघडते, पदवी काढून सगळ्यात वर ठेवते. क्षणभर बघते.

मग कागद पुन्हा होते तसे लावते आणि जिना उतरते.