पामवर अंडी घालणारे ते ‘टायगर’ नव्हे

नमस्कार. ‘ताई, आमच्या गॅलरीतल्या अरेका पामवर टायगर फुलपाखरू अंडी घालते आहे’, असे पावसाळा लागल्यापासून नागपुरातल्या इतक्या प्रेक्षकांनी कळवले आहे की, आता बोलणे भाग आहे. ती एलिम्निआस प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटातील, पामफ्लाय या फुलपाखराची मादी आहे.

प्राथमिक माहिती भराभर सांगते. ही प्रजाती भारतापासून न्यू गिनीपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत आढळते, तिच्या अळ्या मुख्यतः पामकुळातील झाडांची पाने खातात आणि आपल्याकडच्या एलिम्निआस हायपरम्नेस्ट्रा या जातीचे वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ मध्ये केले. नर काळपट आणि निळसर ठिपक्यांचा असतो. मादी मात्र केशरी, काळ्या शिरांची, हुबेहूब टायगरसारखी.

घोळ इथेच होतो. टायगरच्या अळ्या रुईच्या कुळातील वनस्पती खातात, त्यांतील विष फुलपाखरातही उतरते आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पामफ्लायची मादी त्यांचेच रूप घेऊन वाचते. अशा नकलेचे स्पष्टीकरण इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडले.

म्हणून उघडे पंख पाहून नाव ठरवू नका. पंख मिटू द्या: टायगर खालूनही केशरीच असते, तर पामफ्लाय वाळक्या पानासारखी तपकिरी आणि बारीक रेषांनी भरलेली दिसते. तरीही शंका उरली, तर छाती पाहा. टायगरच्या काळ्या छातीवर पांढरे ठिपके असतात, पामफ्लायच्या नसतात. आणि फुलपाखरू उडून गेले असेल, तर झाड पाहा, कारण टायगर पामवर अंडी घालणारच नाही. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः उघड्या पंखांच्या फोटोखाली ‘टायगर’ लिहिले होते आणि एका शाळकरी प्रेक्षकाने माझी चूक दाखवली होती, हे इथे कबूल केलेच पाहिजे.

‘अळी दिसताच औषध फवारले’, असेही एकांनी अभिमानाने लिहिले आहे. डोक्यावर दोन शिंगे आणि मागे दोन शेपट्या असलेली ती हिरवी अळी कुंडीतली चार पाने कुरतडते, एवढ्याने पाम मरत नाही. माझ्या धरमपेठेतल्या गॅलरीत आज कुरतडलेल्या पानाखाली हिरवा कोष लटकतो आहे, म्हणून त्या कुंडीला मी सध्या हातही लावत नाही.

यापुढे फोटो पाठवाल, तर कृपया मिटलेल्या पंखांचा पाठवा.