तीर्थनच्या पाण्यात उभी राहणारी माणसं

हे गुशैणी. हिमाचलमधल्या कुल्लू जिल्ह्यात, बंजारच्या थोडं पुढे, आणि गावाला लागून वाहतेय ती तीर्थन नदी. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं, तिथल्या बर्फाचंच हे पाणी, त्यामुळे मे महिन्यातही पाय घातला की बोटं बधीर व्हायला लागतात. आणि अशा पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून माणसं तासनतास फ्लाय फिशिंगचा रॉड हलवत असतात, मासा लागला तर बघतात आणि बऱ्याचदा सोडूनही देतात. मग एवढ्या लांब यायचं कशासाठी, हे त्यांनाच विचारावं म्हणून आम्ही आलोय.

आपल्याकडे गळ टाकणं सगळ्यांना माहितीये, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, गळ सोडायचा आणि वाट बघत बसायचं. फ्लाय फिशिंगमध्ये बसणं हा प्रकारच नाही. इथे आमिष म्हणजे बारक्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, तिला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे ती लांब फेकताच येत नाही. फेकायची असते ती लाइन, म्हणजे रॉडची दोरी. ती जाड आणि वजनदार असते, रॉडने मागे उडवायची, मागे हवेत ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. जरा घाई केली की सगळा गुंता पायाशी. दंडाच्या जोराचं इथे काही चालत नाही, वेळ साधावी लागते, आणि शिकायला आलेली दणकट माणसंच सुरुवातीला जास्त वैतागलेली दिसतात.

हाताच्या या हालचालीवरून अमेरिकेत एक फार सुंदर काम उभं राहिलंय. १९९६ साली व्हरमाँटमध्ये एक सर्जन आणि एक फ्लाय फिशर अशा दोघी बायकांनी 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' सुरू केलं, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांसाठी. ऑपरेशननंतर खांदा आणि हात आखडतो, तो मोकळा व्हायला जे हलके व्यायाम सांगतात त्यांच्यासारखीच ही कास्टिंगची, म्हणजे लाइन फेकण्याची हालचाल आहे. म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जे कंटाळत करायचं, ते नदीवर, आपल्यासारख्याच बायकांच्या सोबतीनं करायचं, आणि त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत. नंतर २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमधून 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झालं, जखमी सैनिकांसाठी. एड निकल्सन हे नौदलातले निवृत्त अधिकारी तिथे स्वतः उपचार घेत होते, त्यांनी ते सुरू केलं.

आता लोकांना विचारलं की छंद का आवडतो तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, शांतता मिळते. मला ते पूर्ण पटत नाही. शांतता काय, नदीकाठी चादर टाकून झोपलं तरी मिळते. इथे उलट डोकं भयंकर कामात असतं. प्रवाह कुठे वळतोय, दगडामागे पाणी कुठे संथ आहे, लाइन ओढली जाऊन माशी विचित्र पळतेय का, कारण तशी पळाली की ट्राउट, म्हणजे इथे ज्याच्यासाठी येतात तो मासा, फसत नाही, शिवाय ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून आपण खालच्या बाजूनं, मागून जायचं, आणि हे सगळं पायाखालचे गुळगुळीत दगड सांभाळत. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याच्या एक नर्सताई होत्या, आयसीयूमध्ये काम करतात. त्या म्हणाल्या, "सुट्टी घेऊन घरी बसले ना, तरी पेशंट डोक्यात येतात. इथे येत नाहीत, जागाच उरत नाही त्यांना." मला हे उत्तर सगळ्यात खरं वाटलं.

आणि मग पाण्याखालचं जग. उथळ पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. ओल्या बाजूला चपटे, तीन बारीक शेपट्यांचे किडे सरपटताना दिसतात, ती मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली सेंटीमीटरभर नळी असते, आत कॅडिसची अळी, घर तिनं स्वतः बांधलेलं. मेफ्लाय महिनोन्‌महिने असं दगडाखाली काढते आणि पंख फुटल्यावर फार तर एकदोन दिवस जगते, प्रौढ मेफ्लायला खाताही येत नाही. आज पाण्यावर कुठला किडा उडतोय ते ओळखून तशीच माशी लावायची, खरी मजा ती. ज्यांनी आयुष्यात कधी किड्याकडे निरखून पाहिलं नाही अशी माणसं इथे दगडावर भिंग धरून बसलेली पाहिली मी.

पुण्याचे एक बाप-लेक दरवर्षी येतात. घरी दोघांचं फारसं जमत नाही असं मुलगाच म्हणाला. इथे तीसेक फूट अंतर ठेवून उभे राहतात, मधेच बाबा विचारतात, "काय लावलंयस रे?" आणि तो ओरडून सांगतो, "एल्क हेअर कॅडिस, बाबा!" हे त्या खोट्या माशीचं नाव. दिवसभराचं बोलणं एवढंच, पण सुट्ट्या जुळवून येतात ते दोघं.

ट्राउट मूळचा इथला नाही बरं का. ब्रिटिशांनी आधी काश्मीरमध्ये आणला, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूकडे. त्याला थंड, भरपूर ऑक्सिजन असलेलं वाहतं पाणी लागतं. ते तीर्थनमध्ये अजून आहे याचं मोठं श्रेय बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांचं, या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून ते कोर्टात लढले.

सोडायचाच असेल तर पकडायचा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गळ लागतो, माशाला त्रास होतो, आणि हे कारण देऊन ज्यांनी रॉड ठेवून दिला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. जे करतात त्यांनी निदान नीट करावं, टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात आधी ओले करावेत म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि फोटोच्या नादात त्याला हवेत धरून ठेवू नये.

ट्राउटचा सीझन मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद, तो अंडी घालायचा काळ. बाकी महिन्यांत मत्स्य विभागाचं लायसन काढायचं. बंद काळात ही मंडळी घरी माश्या बांधतात, टेबलाला गळ धरून ठेवणारी पकड, म्हणजे छोटा व्हाइस लावून, कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्यानं गळावर गुंडाळत. नर्सताईंनी आता तोही घेतलाय, आणि पिसांसाठी गावच्या काकूंना फोन करून ठेवलाय.