११ आणि २२ : युइंग सार्कोमा कसा घडतो

[दृश्य : मांडीच्या हाडाचा एक्स-रे]
मुलगा शाळकरी. मांडी रात्री ठणकते, सूज आहे, अधूनमधून तापही येतो. हाडात जंतुसंसर्ग झाला असेल म्हणून अँटिबायोटिक सुरू होतात आणि आठवडे वाया जातात. एक्स-रेमध्ये हाडावरच्या आवरणाचे कांद्यासारखे पापुद्रे दिसले, तर युइंग सार्कोमा या हाडाच्या कर्करोगाची शंका घ्यायलाच हवी. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये या गाठीचं वर्णन केलं.

[दृश्य : गुणसूत्रांचं ॲनिमेशन]
सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा संयोजी ऊतींचा कर्करोग. युइंगच्या गाठीत जनुकीय बिघाड मोजकेच असतात, पण त्यातला एक जबरदस्त. ११ आणि २२ क्रमांकाची गुणसूत्रं तुटतात आणि दुरुस्ती होताना टोकांची अदलाबदल होते. ईडब्ल्यूएसआर१ जनुकाचा पुढचा भाग एफएलआय१ जनुकाच्या मागच्या भागाला जोडला जातो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत हीच जोडी सापडते.

या जोडजनुकापासून बनणारं प्रथिन दोन्हींकडचे गुण घेऊन येतं. एफएलआय१चा तुकडा डीएनए पकडतो, ईडब्ल्यूएसआर१चा तुकडा इतर प्रथिनं गोळा करतो. आपल्या डीएनएत जी-जी-ए-ए ही चार अक्षरं काही ठिकाणी पुन्हापुन्हा येतात. एरवी हे पट्टे घट्ट गुंडाळलेले, गप्प असतात. जोडप्रथिन तिथे ओळीनं बसतं, गुंडाळी सैल करणारी यंत्रणा ओढून आणतं आणि एनकेएक्स२-२सारखी जनुकं चालू होतात. पेशी परिपक्व व्हायचं सोडून विभागतच राहते.

[दृश्य : प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक]
निदानात सीडी९९ या पेशीच्या आवरणावरच्या प्रथिनाची कडेनं दिसणारी गडद रंगछटा महत्त्वाची, पण ती काही लिम्फोमांतही (लसीका पेशींच्या कर्करोगांतही) दिसते. म्हणून फिश तपासणी, म्हणजे जनुकावर चमकणाऱ्या रंगांच्या खुणा लावून पाहणं. ईडब्ल्यूएसआर१ जनुकाच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवा ठिपका. शाबूत असेल तर दोन्ही चिकटून, तुटलं असेल तर लांब. मात्र ईडब्ल्यूएसआर१ इतर सार्कोमांतही तुटतं. जोडीदार कोण, हे आरएनए तपासूनच नक्की कळतं.

सगळ्यात वाईट चूक होते ती बायोप्सीत काढलेला हाडाचा तुकडा पातळ कापता यावा म्हणून मऊ करताना. तीव्र आम्लात ठेवलेल्या तुकड्यातले डीएनए-आरएनए तुटतात, ठिपके उमटत नाहीत आणि मुलाला पुन्हा बायोप्सीला सामोरं जावं लागतं. ईडीटीए या हाडातलं कॅल्शियम हळूहळू काढून घेणाऱ्या रसायनाला वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतो. त्याहून बरं म्हणजे गाठीचा मऊ भाग आधीच वेगळा काढून, आम्ल न लावता, १० टक्के बफर्ड फॉर्मलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रावणात स्वतंत्र बाटलीत ठेवावा.