फोन कट केला, पुढे काय?

(नागपुरातील एका ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळाने मला विषय दिला होता, ‘फसव्या फोनपासून सावध राहा’. तो मी थोडा पुढे नेणार आहे, कारण सावध तर तुम्ही आहातच. इथल्या बहुतेकांनी असा एखादा फोन ओळखून कट केला असेल. पण तो नंबर कळवला किती जणांनी? आपण कट केलेला फोन पुढच्या मिनिटाला मानेवाड्यातल्या नाही तर महाल भागातल्या कुण्या काकूंना लागतो, आणि त्या घरी एकट्या असतात.

रेल्वे, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, एजी म्हणजे महालेखापालांचं ऑफिस यांतून निवृत्त झालेली किती माणसं या शहरात आहेत! त्यांची पेन्शन कधी जमा होते, हे फोन करणाऱ्यालाही ठाऊक असतं. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा फोन येतो, “काकाजी, तुमचा दाखला अपडेट झाला नाही, पेन्शन थांबेल. आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.” नाव बरोबर, बँक बरोबर, कधी पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबरही बरोबर. इथेच माणूस फसतो. ही माहिती चोरीला जाते, विकली जाते. ती समोरच्याकडे आहे एवढ्यावरून तो पेन्शन ऑफिसचा ठरत नाही.

दुसरा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणतो. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलालाही सांगायचं नाही, आणि पैसे ‘तपासणीसाठी’ रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरायचे. अहो, रिझर्व्ह बँक आपल्या संविधान चौकात आहे. ती सामान्य माणसाची खाती ठेवत नाही. आणि डिजिटल अरेस्ट असं आपल्या कायद्यात काहीच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते स्पष्ट सांगितलं होतं. मला यातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते ती ‘घरात सांगू नका’ ही. माणसाला आधी एकटं पाडतात, पैसे मग काढतात.

आता कळवायचं कुठे? नुसता कर्ज-प्लॉट-विम्याचा भडिमार असेल तर १९०९. त्याच नंबरवर ‘स्टार्ट ०’ असा इंग्रजीत एसएमएस केला की जाहिरातींचे कॉल बंद करण्याची नोंद होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम बदलले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला आधी ती नोंद केलेली असण्याची गरज राहिली नाही.

फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तर ‘संचार साथी’वर जा. दूरसंचार विभागाचं ते पोर्टल आहे, ॲपही आहे. त्यात ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून सुरू आहे. नंबर, तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते भरायचं, जमल्यास स्क्रीनशॉट जोडायचा. जमत नसेल तर नातवाला शेजारी बसवा. संशयित नंबरची फेरपडताळणी होते, आणि त्यात तो टिकला नाही तर बंद होतो. आपण हेच काम सोडून देतो, म्हणून मी ते इतकं आग्रहाने सांगतोय.

पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर फिरवतात. ते कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच बँकेला रोखता येतात. “संध्याकाळी मुलगा आला की बघू” म्हणेपर्यंत एटीएममधून निघूनही जातात.

“ओटीपी मीच दिला, आता कोणत्या तोंडाने सांगू?” असं वाटून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणजे कळवण्याची वेळ पैशाइतकीच मोलाची आहे. आणि इथे बसलेल्या मुला-सुनांना हात जोडून विनंती, अशा वेळी आईवडिलांवर ओरडू नका. त्या भीतीने ते दोन-दोन दिवस बोलत नाहीत.

एक प्रश्न नेहमी येतो, फोन झारखंडमधून आला, मग नागपूरचं ठाणं तक्रार घेईल का? घ्यावीच लागते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. १९३० ला फोन केल्यावर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, आणि ठाण्यात जाताना बँकेचं स्टेटमेंट सोबत न्या. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.