हायड्रा कापण्याआधी

हायड्राचे दोन तुकडे केले की दोन हायड्रा होतात, हे शाळेपासून आपल्याला पाठ असतं. वर्गात करून बघायला गेलं की मात्र अनेकदा तुकडे दुसऱ्या दिवशी पांढुरके होऊन विरघळलेले दिसतात. दोष बहुतेक वेळा ब्लेडचा नसतो, पाण्याचा आणि घाईचा असतो.

आधी प्राणी नीट ओळखू या. ताणलेला हायड्रा जेमतेम एक सेंटीमीटर भरतो, धक्का लागला की टाचणीच्या डोक्याएवढा गोळा होतो. शरीर म्हणजे पोकळ नळी. खालच्या टोकाला चिकटणारी तळचकती, वरच्या टोकाला तोंड आणि त्याभोवती शुंडके, म्हणजे भक्ष्य पकडणारे धाग्यासारखे अवयव. गुदद्वार नाही, अन्न तोंडातून आत जातं आणि उरलेलं तिथूनच बाहेर येतं. भिंतीत पेशींचे दोनच थर, मध्ये मेसोग्लिया या जेलीसारख्या पदार्थाचा पातळ पडदा. मेंदू नाही, चेतापेशींचं जाळं आहे. शुंडकांवर दंशपेशी खच्चून भरलेल्या असतात. अशा पेशीत काटा गुंडाळून ठेवलेली कुपी, म्हणजे दंशकोश असतो. त्यातला सर्वांत मोठा दंशकोश सुमारे १५० बार दाबाखाली असतो आणि त्याचा काटा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात सुटतो. भक्ष्याचं कवच भेदायला तो वेगच कामी येतो. जखमी भक्ष्यातून ग्लुटाथायोन हे पेशींमधलं रसायन पाझरलं की हायड्राचं तोंड उघडतं. हे लूमिस या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दाखवलं.

हायड्रा मिळवायला फार लांब जावं लागत नाही. संथ, स्वच्छ तळ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती किंवा कमळाची जुनी पानं तळ्याच्याच पाण्यासह काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी खिडकीजवळ, पण उन्हात नको, रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी उजेडाच्या बाजूच्या काचेवर हायड्रा चिकटलेले सापडतात. चिमट्याने ओढू नका, फाटतात. ड्रॉपरने पाण्याचा हलका झोत तळचकतीवर मारा; सुटला की शोषून घ्या.

आता पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायड्राला मारतं, आणि तांब्याचा अंश तर फारच थोडा पुरतो, म्हणून तांब्यापितळेची भांडी या कामात आणूच नयेत. नुसतं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीही चालत नाही: कॅल्शियम नसेल तर पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) १४७ मिलिग्रॅम, सोडियम क्लोराइड ५८, मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) २५ आणि पोटॅशियम क्लोराइड ७.५ मिलिग्रॅम घाला. सामू (pH) स्थिर ठेवणारं ट्रिस बफर १२१ मिलिग्रॅम घालून तो ७.६ ते ८ च्या दरम्यान आणा. तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हीच खरी अडचण असते, त्यामुळे शाळेने हा प्रयोग हिवाळ्यात घ्यावा हे बरं.

खाद्य म्हणून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक प्राण्याची नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं उत्तम. मिठाच्या पाण्यात, सतत हवा सोडून, २८ अंशांजवळ साधारण एका दिवसात अंडी फुटतात. पिल्लं बारीक जाळीवर गोड्या पाण्याने चांगली धुवा, नाहीतर त्यांच्याबरोबरचं मीठ हायड्राला बाधतं. एक दिवसाआड खाऊ घाला आणि सहा ते आठ तासांनी पाणी बदला. हा बदल टाळला की उरलेली पिल्लं कुजतात आणि जिवाणू माजतात. शुंडके आखूड होऊन टोकाशी गाठी आल्या तर तो इशारा समजा. चांगला पोसलेला हायड्रा अंगावर कलिका, म्हणजे पिल्लाचा अंकुर धरतो आणि ती तीन-चार दिवसांत सुटून वेगळी होते.

कापण्याआधी २४ तास उपाशी ठेवा. भरल्या पोटी कापला तर आतलं अर्धवट पचलेलं अन्न बाहेर पडून जखमेवरच कुजतं. कलिका नसलेला प्राणी निवडा, पेट्री डिशमध्ये तो पूर्ण ताणला जाईपर्यंत थांबा आणि नव्या ब्लेडने मधोमध एकच आडवा छेद द्या. तुकडे ताज्या द्रावणात ठेवा, पाणी रोज बदला, शुंडके येईपर्यंत खायला घालू नका. खालच्या तुकड्याला नवीन शुंडके दोन ते तीन दिवसांत दिसतात. नुसतं शुंडक कापून ठेवलं तर त्यातून हायड्रा होत नाही, कारण तिथल्या पेशींची विभागणी थांबलेली असते. ‘कुठल्याही तुकड्यापासून हायड्रा होतो’ हे सरसकट विधान म्हणूनच चुकीचं आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दिशा. मधला भाग कापून घेतला, तर डोकं नेहमी डोक्याकडच्याच टोकाला उगवतं आणि तळ तळाकडे. निसर्गअभ्यासक एब्राहम ट्रेंबली यांनी १७४० च्या दशकात हेग शहराजवळ हे प्रयोग केले तेव्हापासून प्रश्न उभा होता, की तुकड्याला आपलं वर-खाली कळतं कसं? १९०९ मध्ये जीवशास्त्रज्ञ एथेल ब्राउन यांनी एका हायड्राच्या तोंडाजवळची ऊती दुसऱ्याच्या धडावर बसवली. तिथे दुसरं डोकं आणि अंग तयार झालं, आणि त्यात यजमानाची, म्हणजे ज्याच्या धडावर ती बसवली त्या हायड्राची ऊतीही सामील झाली. म्हणजे तोंडाजवळचा भाग शेजारच्या पेशींना आदेश देतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्रावर दीर्घकाळ काम झालं आहे.

१९७२ मध्ये गिरर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्राच्या पेशी पूर्ण सुट्या करून पुन्हा एकत्र गोळा केल्या. काही दिवसांत त्या गोळ्यातून पुन्हा प्राणी घडले. मात्र पेशींची मूळची दिशा पूर्ण विस्कटलेली असल्यामुळे अशा एकाच गोळ्यावर बहुधा एकाहून जास्त डोकी उगवतात.