ओटीपी आला का?

(दृश्य : अंगणवाडीची ओसरी. दारात अंगणवाडी सेविका, पायरीवर चार-पाच बाया. प्रत्येकीच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं.)

"ताई, आला का ओटीपी?"

"माझ्याकडं कसा येईल? तुझ्या मालकाच्या नंबरवर येतोय. त्याला लाव फोन."

मालक गावात नाही. तो तिकडं पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या फडावर आहे. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वीज नाही, म्हणून फोन मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलाय. बायको या खेपेला मागं राहिली, कारण धाकटीला शाळेत घातलंय. ती इथं, तिचा अर्ज इथं आणि त्या अर्जाची किल्ली कुठल्याशा ट्रॅक्टरच्या टपावर. किल्ली म्हणजे सहा आकडे. दहा मिनिटांत टाकले नाहीत तर वाया.

मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवर २०२५ च्या नोव्हेंबरात असंच चाललं होतं. बायांना महिन्याला पंधराशे रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सप्टेंबरात सुरू झालं. मुदत आधी १८ नोव्हेंबरची होती, पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईनं आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि त्याचाही ओटीपी. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंब कळलं पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. हिशोब चुकीचा नाही. पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळी झाली की गाव सोडतात आणि नोव्हेंबरात गाळप सुरू होतं. मुदत ठरवणाऱ्यांच्या कॅलेंडरात दिवाळी होती, ऊसतोड नव्हती.

(दृश्य : नंदुरबारकडे जाणारा रस्ता. कापसाची शेतं.)

जरा मागं जाऊ. शहादा तालुक्यातलं टेंभली. २९ सप्टेंबर २०१० ला देशातली पहिली आधार कार्डं याच गावात वाटली गेली. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी या आदिवासी गावात आले होते. बोटांचे ठसे आणि बुबुळं दिली की माणसाची ओळख पक्की, असं तेव्हा सांगितलं गेलं. मोबाइल नंबर ही त्यात असली तर असली अशी गोष्ट होती. कुणी भावाचा दिला, कुणी शेजारच्या दुकानदाराचा. सिम बदललं, नंबर बंद पडला, त्याचं कुणाला काय? पंधरा वर्षांनी त्याच नंबरावर येऊन गाडी अडली. बाई समोर उभी आहे, बोटं तिचीच आहेत, पण मशीन विचारतंय तिच्या फोनला.

(दृश्य : मोबाइलची स्क्रीन, अगदी जवळून. त्यावर एक करंगळी थांबलेली.)

फोनवाल्यांचीही सुटका नव्हती. ओटीपीचं दिव्य पार पडलं की पुढं घोषणापत्र. कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं विधान आणि खाली दोन पर्याय : होय, नाही.

आता तुम्हीच सांगा. कुणी विचारलं, "घरात कुणी नोकरीला नाही ना?" तर आपण काय म्हणतो? "नाही हो, कुणी नाही." बायांनी तेच केलं, 'नाही' दाबलं. कुणी नोकरीत नाही, हे खरं नाही, असा मशीननं त्याचा अर्थ लावला. म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! मजुरी करणाऱ्या बाईच्या घरात एका बोटासरशी सरकारी नोकरी आली आणि पंधराशे रुपये गेले. मराठीत लिहिलेला प्रश्न मराठी माणूस कसा ऐकेल, एवढं एकदा कुणी मोठ्यानं वाचून पाहिलं असतं तरी भागलं असतं. २०२६ उजाडलं आणि या चुका प्रत्यक्ष घरी जाऊन तपासायचं ठरलं. तपासणार कोण? अंगणवाडी सेविका.

ऑनलाइन नको, असं या ओसरीवर कुणीच म्हणत नाही. २०२४ च्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे ३००० रुपये थेट खात्यात जमा झाले. मध्ये कुणाचा हात लागला नाही, टक्का कापला गेला नाही. पुढच्या काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बायांपर्यंत पैसे पोचले. कागदी अर्जांवर हे इतक्या लवकर जमलं नसतं. आता काहींचे पैसे भलत्याच खात्यात सापडले ते सोडा. कधीकाळी उघडून विसरलेलं शून्य शिलकीचं खातं आधारला जोडलेलं निघालं आणि बाई मात्र दुसऱ्याच बँकेचं पासबुक घेऊन खेपा घालत राहिली.

(दृश्य : सेविकेचा फोन. काचेला तडा, मागं रबर लावलेलं.)

हे अर्ज भरले कुणी? नारीशक्ती दूत नावाचं ॲप होतं, आणि त्या ॲपमागं सेविकाच होती. एका अर्जामागं ५० रुपये भत्ता ठरला होता. तिच्या फोनची गोष्ट जुनी आहे. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं तेव्हा ते इंग्रजीत होतं आणि सरकारनं दिलेले फोन ते पेलत नव्हते. महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी त्या वर्षी ते फोन सरकारला परत केले. तरीही ॲप राहिलंच. जुलै २०२५ पासून तर घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्याला दाखवून ओळख पटवावी लागते. रेंज नसेल तर सेविका गरोदर बाईला घेऊन जिथं दोन काड्या दिसतील तिथं जाते. कधी शाळेच्या मागं, कधी टेकाडावर.

म्हणून प्रत्येक सेविकेकडं एक वही असते. बाईचं नाव, आधारला कुठला नंबर जोडलाय, तो फोन कुणाच्या खिशात असतो, तो माणूस घरी कधी येतो, सगळं त्यात. कुठल्याच सर्व्हरवर नसलेली ही माहिती, आणि सर्व्हर चालतो तो हिच्यावर.

दवाखान्यात हेच काम आरोग्यमित्र करतो, सरकारी उपचार योजनेत रुग्णाला वाट दाखवणारा माणूस. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आयुष्मान भारत तिला येऊन जोडलं गेलं, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण पिवळं असो की केशरी, रेशन कार्डावर नव्या सुनेचं नाव चढलेलं नसतं. सासरच्या कार्डात ती अजून आली नाही, माहेरच्या कार्डातून निघाली. पोटात दुखतंय आत्ता, आणि कुटुंब कुठलं ते ठरायचंय.

विधवांचं, घटस्फोटितांचं तर अजून वेगळं. ज्याचा ओटीपी मागितला जातो तो माणूसच नाही. खूप ओरड झाल्यावर त्यांना सवलत मिळाली : स्वतःचं ई-केवायसी करा, आणि मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद सेविकेकडं द्या. ज्यांना नवऱ्यानं नुसतंच टाकून दिलंय, त्यांच्याकडं यातला कुठलाच कागद नसतो.

(दृश्य : पुन्हा ओसरी. ऊन पायरीवर आलंय.)

फोन लागला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज.

"अवं, मेसेज आलाय का बघा. सहा आकडे."

"थांब, चष्मावाला पोरगा बोलवतो."

सेविकेनं पेन वहीवर टेकवलंय.

"हं, सांगा."

"चार... शून्य... नऊ..."

"पुढं? हॅलो? हॅलो?"

सेविका उठते, बाईला हाताला धरते आणि दोघी शाळेच्या मागच्या बाजूला चालू लागतात.